आयपीव्ही६ची वाट बघायची की पीअर-टू-पीअर टूल आत्ताच घ्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक टीम फाइल सिंकचं ॲप बनवतेय, डेटा लोकांच्या स्वतःच्याच मशीनवर राहणार, मध्ये कोणाचा क्लाउड नको. मशीन्स बहुतेक घरच्या राउटरच्या मागे, त्यातली बरीचशी कॅरियर-ग्रेड नॅटच्याही मागे (नॅट म्हणजे अनेक मशीन्सना मिळून बाहेर एकच पत्ता दाखवणारी सोय, कॅरियर-ग्रेड म्हणजे ती इंटरनेट प्रोव्हायडरकडेच बसवलेली). टीममधले दोघंतिघं म्हणतायत की मशीन्स थेट एकमेकांशी जोडणारी आयरोह किंवा लिबपीटूपीसारखी लायब्ररी घेऊ आणि कामाला लागू. सीनियर म्हणतायत ही सगळी ठिगळं आहेत, आयपीव्ही६, म्हणजे जुन्या आयपीव्ही४ची जागा घेणारी मोठ्या पत्त्यांची पद्धत, येतंच आहे, तोवर साधा मधला सर्व्हर ठेवू आणि नंतर नीट डायरेक्ट करू.

माझं उत्तर आधी सांगून टाकतो: थांबू नका. पण सीनियरना आयपीव्ही६ आवडतं म्हणून त्यांचं चुकतंय असं नाही, आयपीव्ही६ मलाही आवडतं आणि जिथे हात पोचतो तिथे मी ते चालू करतो. गडबड अशी आहे की ते आयपीव्ही६कडून ज्या गोष्टीची अपेक्षा करतायत ती गोष्ट ते पूर्ण आलं तरी मिळणार नाहीये. हे एकदा नीट उलगडलं की बाकीचा वाद आपोआप विरतो, म्हणून तिथे जरा वेळ घालवतो.

तुमच्या ॲपला नक्की काय लागतंय बघा. समोरच्या मशीनला पत्ता हवा, त्या पत्त्यावर बाहेरून पॅकेट पोचायला हवं, पत्ता बदलला तरी मशीन सापडायला हवं, आणि सापडलं ते तेच मशीन आहे याची खात्री हवी. आयपीव्ही६ यातलं पहिलं देतं. ते झकास देतं, १२८ बिट म्हणजे पत्त्यांची चणचण कायमची संपली. दुसऱ्यापासून मात्र गाडी अडते.

घरच्या राउटरवर आयपीव्ही६ आलं की नॅट जातं पण फायरवॉल जात नाही. २०११च्या जानेवारीत आलेला आरएफसी ६०९२ (आरएफसी म्हणजे इंटरनेटची स्टँडर्ड आणि सल्ले लिहिलेले क्रमांकित दस्तऐवज) घरगुती राउटरनी आयपीव्ही६साठी काय करावं हे सांगतो, आणि त्यातला साधा सुरक्षेचा सल्ला असा की बाहेरून न मागता आलेलं ट्रॅफिक मुळात अडवा, आतून सुरू झालेलं तेवढं जाऊ द्या. बहुतेक राउटर तसंच वागतात, आणि वागायलाच हवं, नाहीतर घरातला प्रत्येक स्वस्त कॅमेरा जगासमोर उघडा पडेल. म्हणजे दोन्ही घरांत अस्सल पब्लिक आयपीव्ही६ पत्ते आहेत, दोघांनाही एकमेकांचे पत्ते माहिती आहेत, आणि तरीही अ ने ब ला पाठवलेलं पहिलं पॅकेट ब च्या राउटरवर मरतं. मग उपाय काय तर दोघांनी साधारण एकाच वेळी एकमेकांकडे पॅकेट पाठवायचं, म्हणजे दोन्ही फायरवॉलना वाटतं हे आतूनच सुरू झालंय. यालाच होल पंचिंग म्हणतात. आणि "आता पाठव" हे दोघांना सांगायला कोणीतरी तिसरा लागतोच. थोडक्यात आयपीव्ही६ आल्यावरही तुम्हाला त्याच टूलचा अर्धा भाग लिहावा लागणार आहे. नॅटने बाहेर कुठला पोर्ट (मशीनवरचा दरवाजा क्रमांक) दिला असेल याचा अंदाज बांधायची कटकट वाचते, हा मोठा फायदा आहे, पण काम संपत नाही.

पत्ता टिकण्याचं पण तसंच. फोन वायफायवरून मोबाइल नेटवर गेला की पत्ता बदलतो, आयपीव्ही६ असो वा ४. शिवाय आयपीव्ही६मध्ये प्रायव्हसीसाठी टेम्पररी पत्ते असतात, ऑपरेटिंग सिस्टिम ते साधारण दिवसाला एक या हिशोबाने नवे घेते, आणि बऱ्याच प्रोव्हायडरकडे घराला मिळालेला अख्खा प्रीफिक्सच (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) राउटर रीस्टार्ट झाल्यावर बदलतो. म्हणजे कायमचा पत्ता मिळेल आणि तो कॉन्फिगमध्ये लिहून ठेवू हे डोक्यातून काढा. मोबाइल आयपीव्ही६ नावाचं स्टँडर्ड २००४पासून आहे, फिरत्या मशीनचा पत्ता कायम ठेवण्यासाठीच केलेलं, ते कोणाच्या फोनमध्ये चालू असलेलं तुम्ही बघितलंय का?

आणि खात्रीचं म्हणाल तर आयपीव्ही६ बरोबर आयपीसेक (पॅकेटच्याच पातळीवरचं एन्क्रिप्शन) सक्तीचं होतं एके काळी, प्रत्येक मशीन एन्क्रिप्शन करू शकणार असा सगळा थाट होता. २०११मध्ये आरएफसी ६४३४ने ती सक्ती काढून "असावं" एवढ्यावर आणली, कारण प्रत्यक्षात लोक टीएलएस आणि एसएसएच हे त्याच्या वरच्या पातळीवरचं एन्क्रिप्शन वापरत होते आणि किल्ल्या वाटायच्या कशा हा मूळ प्रश्न आयपीसेकने सोडवलाच नव्हता.

आता वाट बघण्याचा हिशोब. नॅटचं पहिलं वर्णन करणारा आरएफसी १६३१ मे १९९४चा आहे, आणि त्यात स्वच्छ म्हटलंय की हा थोड्या काळाचा उपाय आहे, मोठे पत्ते असलेलं नवं प्रोटोकॉल येईपर्यंतचा. ते नवं प्रोटोकॉल म्हणजे आयपीव्ही६, त्याचं पहिलं स्टँडर्ड डिसेंबर १९९५मध्ये आलं. जगभर पत्ते वाटणाऱ्या आयानाकडचे आयपीव्ही४चे शेवटचे मोठे ब्लॉक फेब्रुवारी २०११मध्ये वाटून संपले, जून २०१२मध्ये जगभर आयपीव्ही६ लाँच झालं, युरोपात पत्ते वाटणाऱ्या राइपकडचा साठा नोव्हेंबर २०१९मध्ये संपला. आणि आज गूगल वापरणाऱ्यांपैकी आयपीव्ही६वरून येणारे निम्म्याच्या आसपास आहेत. थोड्या काळाचा उपाय तीस वर्षं झाली तरी जागेवरच आहे.

पण हा निम्म्याचा आकडासुद्धा तुमच्यासाठी दिसतो त्याहून वाईट आहे, आणि हे फार कमी लोक लक्षात घेतात. वेबसाइटसाठी निम्म्या लोकांकडे आयपीव्ही६ म्हणजे निम्मी ट्रॅफिक त्यावरून जाते, कारण दुसरं टोक सर्व्हर असतं आणि सर्व्हरकडे दोन्ही असतं. तुमच्याकडे दोन्ही टोकं सामान्य माणसांची आहेत. दोघांकडे असण्याची शक्यता ढोबळमानाने अर्धा गुणिले अर्धा, म्हणजे पाव. प्रत्यक्षात एकाच देशातले, एकाच प्रोव्हायडरचे लोक एकमेकांशी जास्त बोलतात म्हणून आकडा थोडा बरा असेल, पण दिशा तीच. ८० टक्के लोकांकडे आलं तरी जोड्या ६४ टक्केच जुळतात. दहापैकी नऊ जोड्या जुळायला हव्या असतील तर जवळपास ९५ टक्के लोकांकडे ते असायला हवं. आणि शेवटचे पाच-दहा टक्के कधी येतात हे ज्यांनी कुठलंही जुनं व्हर्जन बंद करायचा प्रयत्न केलाय त्यांना विचारा.

त्यात ब्राउझर आणि सिस्टिम हॅपी आयबॉल्स वापरतात, म्हणजे आयपीव्ही६ आधी ट्राय करायचं आणि पाव सेकंदात जमलं नाही की ४ वर पण सुरू करायचं. चांगली गोष्ट आहे, वापरणाऱ्याला काही कळत नाही. पण कळत नाही म्हणूनच कोणी तक्रार करत नाही, आणि तक्रार नाही तर उरलेल्या प्रोव्हायडरना घाई कशाला असेल. तुमचं पीअर-टू-पीअर ॲप चालत नाही ही तक्रार त्यांच्यापर्यंत कधीच पोचत नाही, ती तुमच्याकडेच येते.

मी स्वतः कुठलंही नवं प्रोटोकॉल टिकेल का हे बघताना एकच प्रश्न विचारतो: हे चालायला किती जणांनी हो म्हणायला हवं? फक्त दोन टोकांनी हो म्हणून भागत असेल तर ते येतं, आणि लवकर येतं. मधल्या राउटरनी, नॅट बॉक्सनी, ऑफिसच्या फायरवॉलनी सगळ्यांनी हो म्हणावं लागत असेल तर विसरा. एससीटीपी बघा. डेटा पोचवायचं हे प्रोटोकॉल २०००मध्ये स्टँडर्ड झालं, नेहमीच्या टीसीपीपेक्षा बऱ्याच बाबतीत शहाणं, एका कनेक्शनमध्ये अनेक स्ट्रीम, एका मशीनचे अनेक पत्ते, सगळं. पण घरातल्या नॅटला टीसीपी आणि यूडीपी (डेटा पोचवायची दोन नेहमीची प्रोटोकॉल) सोडून काही कळत नाही, त्यामुळे टेलिकॉम कंपन्यांच्या आतल्या नेटवर्कबाहेर ते कधी नीट आलंच नाही. मग ते आज कुठे आहे? तुमच्या ब्राउझरमध्ये. वेबआरटीसी, म्हणजे ब्राउझरना थेट एकमेकांशी जोडणारी सोय, तिचं डेटा चॅनल म्हणजे एससीटीपीच आहे, डीटीएलएसच्या (यूडीपीवर चालणारं टीएलएस) आत, यूडीपीच्या आत लपवून. मधल्या कोणाला विचारलंच नाही तेव्हा कुठे ते करोडो मशीनवर पोचलं.

क्विक या नव्या ट्रान्सपोर्ट प्रोटोकॉलचं पण तेच. गूगलने ते यूडीपीवर का बांधलं, तर नवा ट्रान्सपोर्ट नंबर घेतला असता तर मधले बॉक्स ते टाकून देणार हे माहीत होतं, आणि हेडरचा शक्य तेवढा भाग एन्क्रिप्ट केला तो मधल्यांनी त्यात नाक खुपसून पुढची वीस वर्षं ते गोठवून टाकू नये म्हणून. मे २०२१मध्ये आरएफसी ९००० आला तेव्हा ते आधीच जगभर चालू होतं. टीएलएस १.३ तर अजून मजेशीर, २०१८चं ते स्टँडर्ड वायरवर मुद्दाम १.२चं जुनं सेशन पुन्हा सुरू होतंय असं सोंग घेतं, कारण खरं व्हर्जन सांगितलं की काही बॉक्स कनेक्शन तोडत होते. म्हणजे इंटरनेटचं अपग्रेड होत नाही असं नाहीच, होतं, पण ते कडेने होतं. आणि तुमचे टीममधले लोक ज्या लायब्ररीबद्दल बोलतायत ते याच जातीचं अपग्रेड आहे. सीनियरना ठिगळ दिसतंय ते मला पुढचा थर दिसतो.

आता टूल आतून काय करतं ते सांगतो, कारण हे न समजता घेतलं तर पहिल्याच बिघाडाला हात टेकाल.

तुमचं मशीन एका यूडीपी सॉकेटवरून (ॲपचं नेटवर्कला जोडलेलं टोक) बाहेरच्या सर्व्हरला विचारतं, मी तुला कुठल्या पत्त्यावरून आणि पोर्टवरून दिसतोय? याला स्टन म्हणतात, २००३पासून आहे. नॅटने आतल्या पोर्टला बाहेरचा कुठला पोर्ट दिला ते यातून कळतं. दोन्ही मशीन्स आपापलं उत्तर कुठल्यातरी कोऑर्डिनेशन सर्व्हरमार्फत एकमेकांना कळवतात, आपले लोकल पत्ते, आयपीव्ही६ पत्ते पण यादीत घालतात, आणि मग सगळ्या जोड्यांवर पॅकेट सोडायला लागतात, जी जोडी आधी आणि चांगली जुळते ती घेतात. वेबआरटीसीमध्ये या सगळ्या पद्धतीचं नाव आइस. लायब्ररी कुठलीही असो, पोटात साधारण हेच असतं.

हे नीट चालायला नॅटने एक गोष्ट पाळावी लागते: आतला एकच सॉकेट कोणाशीही बोलला तरी बाहेर तोच पोर्ट दिसला पाहिजे. २००७च्या आरएफसी ४७८७मध्ये यूडीपी नॅटनी असंच वागावं असं लिहिलंय, आणि बरेच घरगुती राउटर ते पाळतात. जे पाळत नाहीत, म्हणजे प्रत्येक नव्या समोरच्यासाठी नवा पोर्ट देतात, त्यांना जुन्या भाषेत सिमेट्रिक नॅट म्हणायचे, आणि ऑफिसचे फायरवॉल, काही मोबाइल नेटवर्क यांच्यात हे हमखास भेटतं. अशा वेळी स्टनचं उत्तर बिनकामाचं, कारण सर्व्हरला दिसलेला पोर्ट समोरच्या पीअरला दिसणारच नाहीये.

एकाच बाजूला असं असेल तर एक सुंदर युक्ती आहे. अवघड बाजूने २५६ सॉकेट उघडायचे, प्रत्येकावरून समोरच्याच्या माहीत असलेल्या पोर्टला पॅकेट पाठवायचं, म्हणजे नॅटवर २५६ पोर्ट उघडले, कुठले ते माहीत नाही. सोप्या बाजूने रँडम पोर्ट ठोठावत राहायचं. एकूण पोर्ट ६५,५३६, त्यातले २५६ बरोबर, म्हणजे प्रत्येक ठोक्याला २५६त एक संधी. साधारण १७४ ठोक्यांना निम्मी शक्यता होते, १०२४ ठोक्यांना ९८ टक्के. सेकंदाला शंभर पॅकेट सोडली तरी दहा सेकंदात काम. दोन्ही बाजू अवघड असतील तर मात्र हा नाद सोडायचा, गणित फार फुगतं आणि फायरवॉलला पोर्ट स्कॅन वाटून तो तुम्हालाच ब्लॉक करतो.

मग उरतो रिले. दोघंही बाहेरच्या एका सर्व्हरला जोडतात आणि तो पॅकेट इकडून तिकडे टाकतो. टर्न म्हणा, टेलस्केलचं डर्प म्हणा, आयरोहचा रिले म्हणा, कल्पना एकच. यातलं एन्क्रिप्शन टोकापासून टोकापर्यंत असतं त्यामुळे रिलेला आतलं वाचता येत नाही, पण कोण कोणाशी कधी किती बोलतंय हे त्याला दिसतं, हे विसरू नका. आणि रिलेला कमीपणा समजू नका. चांगली टूल्स आधी रिलेवरूनच कनेक्शन चालू करतात, वापरणाऱ्याला लगेच जोडलेलं दिसतं, आणि मागे होल पंचिंग जमलं की गुपचूप डायरेक्ट वाटेवर सरकतात. यूडीपीच बंद असलेल्या नेटवर्कमध्ये पण एचटीटीपीएससारखा दिसणारा रिले चालतो, म्हणून कनेक्शन झालंच नाही असं क्वचित होतं.

लिबपीटूपी घेतलंत तर इथे एक खड्डा आहे. त्याचा सर्किट रिले व्ही२ मुळात फक्त होल पंचिंग जमवून देण्यापुरता आहे, डिफॉल्ट मर्यादा दोन मिनिटं आणि १२८ किलोबाइट. फाइल सिंकला ते कुठे पुरणार. डेमोत सगळं चालतं कारण डेमो दोन सोप्या नॅटवर होतो, आणि मग खऱ्या वापरणाऱ्याकडे मोठी फाइल अर्ध्यात तुटते आणि कोणाला कळत नाही का. स्वतःचा रिले वेगळ्या मर्यादांनी चालवायची तयारी ठेवा.

आता जिथे खरा त्रास होतो ते.

नॅटमधलं मॅपिंग, म्हणजे आतला पोर्ट बाहेर कुठला दिसतो याची नोंद, शांत राहिलं की पुसलं जातं. आरएफसी म्हणतो दोन मिनिटांच्या आत पुसू नका, प्रत्यक्षात अर्ध्या मिनिटात पुसणारे बॉक्स आहेतच. म्हणून वायरगार्ड या व्हीपीएन टूलवाले नॅटमागे असाल तर दर २५ सेकंदांनी एक कीपअलाइव्ह (मॅपिंग जिवंत ठेवणारं पॅकेट) पाठवा सांगतात. लॅपटॉपला काही वाटत नाही, पण हिशोब केला तर एका पीअरसाठी दिवसाला ३,४५६ पॅकेट होतात, आणि फोनवर प्रत्येक वेळी रेडिओ जागा होतो. दहा पीअर असतील तर बॅटरी ढासळते आणि रिव्ह्यूमध्ये तुमच्या ॲपचं नाव निघतं. फाइल सिंकला कायम जोडलेलं राहायची गरज नाही, काम असेल तेव्हा जोडा, झालं की सोडा, मॅपिंग मेलं तर मरू द्या. पुन्हा पंच करायला एखाददुसरा सेकंद लागतो तेवढा लागू द्या.

पॅकेटचा आकार. बाहेर १५०० बाइटचं पॅकेट, त्यात टनेल, म्हणजे पॅकेटच्या आत पॅकेट, म्हणून वायरगार्डचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) डिफॉल्ट १४२०. मधे अजून कुठलं टनेल असेल तर तेही बसत नाही आणि मग ती सुप्रसिद्ध तक्रार येते: पिंग चालतं, लॉगिन होतं, मोठी फाइल पाठवली की अडकतं. असं ऐकलं की मी बाकी काही न बघता आधी एमटीयू १२८० करून बघतो.

एकाच कॅरियर-ग्रेड नॅटच्या मागे दोघं असतील तर पॅकेट बाहेर जाऊन वळून परत आत यावं लागतं, आणि बॉक्स तसं वळवत नसेल तर शेजारीशेजारी असलेली दोन मशीन्स लांबच्या रिलेवरून बोलत बसतात. दिसायला वेडेपणा, पण होतो. एकाच घरातली असतील तर मात्र लोकल पत्ते यादीत असतात म्हणून वाचतं.

किल्लीचं एक सांगायलाच हवं. या सगळ्या टूलमध्ये मशीनची ओळख म्हणजे त्याची पब्लिक की, आयपी पत्ता नाही, आणि माझ्या मते याच एका कारणासाठी ही टूल्स घ्यावीत. पत्ता दहादा बदलू दे, किल्ली तीच. पण मग किल्लीची कॉपी झाली की गोंधळ. कोणीतरी बॅकअपमधून दुसऱ्या मशीनवर रीस्टोर करतं, व्हर्च्युअल मशीनची इमेज क्लोन करतं, आणि एकाच ओळखीची दोन मशीन्स चालू होतात. वायरगार्डमध्ये शेवटचं खरं पॅकेट जिकडून आलं तिकडे उत्तर जातं, म्हणजे दोन्ही मशीन आळीपाळीने कनेक्शन पळवतात आणि लॉगमध्ये काहीच चूक दिसत नाही. किल्ली बॅकअपमध्ये जाणार नाही अशा जागी ठेवा, आणि मशीन हरवलं तर ती किल्ली बाकीच्यांकडून कशी काढायची हे पहिल्याच व्हर्जनमध्ये बांधा. नंतर घुसवायला फार अवघड जातं.

टूल कुठलं घ्यावं यावर लोक फार भांडतात, मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. आधी विचारा, कोऑर्डिनेशन आणि रिले कोणाच्या हातात आहेत? कुठली किल्ली कोणाची हे सांगणारा जो कोणी आहे, त्याच्या हातात बरंच काही आहे. स्काइप आठवा. २००३मध्ये आलं ते पीअर-टू-पीअर म्हणून, सामान्य वापरणाऱ्यांचीच चांगल्या कनेक्शनची मशीन्स सुपरनोड, म्हणजे बाकीच्यांना जोडून देणारी, व्हायची. डिसेंबर २०१०मध्ये स्काइपच्याच विंडोजवरच्या एका व्हर्जनमधल्या बगने त्या मशीन्स क्रॅश झाल्या, सुपरनोड कमी पडले, उरलेल्यांवर भार आला आणि अख्खं नेटवर्क झोपलं. २०१२मध्ये मायक्रोसॉफ्टने सुपरनोड स्वतःच्या सर्व्हरवर आणले, आणि मे २०२५मध्ये स्काइपच बंद झालं. प्रोटोकॉल कितीही पीअर-टू-पीअर असला तरी ओळखपाळख करून देणारा एका कंपनीचा असेल तर तुमचं आयुष्य त्या कंपनीएवढंच.

म्हणून बघायचं ते हे. टेलस्केल वापरायला सगळ्यात सोपं, पण कंट्रोल सर्व्हर त्यांचा. स्वतःचा हवा असेल तर हेडस्केल आहे, आणि त्यांचाच ठेवून त्यांच्यावर पूर्ण विश्वास टाकायचा नसेल तर टेलनेट लॉक आहे, ज्यात तुमच्या मशीनच्या सहीशिवाय नवं मशीन आत येत नाही. नेब्युला स्लॅकने २०१९मध्ये खुलं केलं, त्यात सर्टिफिकेट तुम्हीच देता, लाइटहाउस (मशीन्सना एकमेकांचा पत्ता सांगणारे सर्व्हर) तुमचेच. झीरोटियर इथरनेटच्या पातळीवर जोडतं, जुन्या ब्रॉडकास्ट करणाऱ्या सॉफ्टवेअरला ते बरं पडतं. पण ही सगळी मशीनला मशीन जोडणारी, म्हणजे अख्खं मशीन नेटवर्कवर आणणारी. तुमच्या वापरणाऱ्यांना वेगळं व्हीपीएन टाकायला सांगणं मला पटत नाही, आणि फाइल सिंकसाठी समोरच्याच्या मशीनचे सगळे पोर्ट दिसायची गरजही नाही. ॲपच्या आत बसणारी लायब्ररी घ्या, जी एका किल्लीला एका प्रोटोकॉलसाठी डायल करते आणि बाकी काही उघडत नाही. आयरोह तसं आहे, खाली क्विक, रिले स्वतःचा चालवता येतो. लिबपीटूपीमध्ये जास्त पर्याय आणि म्हणून जास्त डोकेदुखी, मोठं खुलं नेटवर्क बांधायचं असेल, डीएचटी (मधल्या सर्व्हरशिवाय पीअर शोधायची, सगळ्यांत वाटलेली यादी) हवं असेल तर तिकडे जा. ब्राउझरमधून चालवायचं असेल तर वेबआरटीसीपासून सुटका नाही.

सीनियरचं एक म्हणणं मात्र मी उचलून धरेन. ही टूल्स घेतली म्हणून आयपीव्ही६कडे दुर्लक्ष करू नका. यादीत आयपीव्ही६ पत्ते आले की बऱ्याच अवघड जोड्या सोप्या होतात, पोर्ट बदलत नाही म्हणून ठोठावायची गरज नाही, दोन्हीकडे फक्त फायरवॉल, एका फेरीत उघडतं. रिलेचं बिल कमी होतं. तेव्हा ॲपमध्ये सॉकेट ड्युअल स्टॅक (४ आणि ६ दोन्हींवर चालणारे) ठेवा, पत्ता साठवायची जागा ३२ बिटाची करू नका, आयपीव्ही४ पत्ते कोडमध्ये कोंबू नका, नाहीतर फक्त आयपीव्ही६ असलेल्या मोबाइल नेटवर्कवर आपटाल. आणि तुमचे कोऑर्डिनेशन सर्व्हर आणि रिले दोन्हीवर दोन्ही पत्ते असू द्या. अपग्रेडची वाट न बघता अपग्रेडचा फायदा घ्यायचा म्हणजे एवढंच.

आणि मधला सर्व्हर ठेवून नंतर डायरेक्ट करू, हा प्लॅन मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. सर्व्हर मधे असला की त्यात हळूहळू गोष्टी साठायला लागतात, आधी फक्त रांग, मग थंबनेल, मग सर्च, मग पासवर्ड रीसेट, आणि दोन वर्षांनी तो काढायचा म्हटलं तर अर्धं ॲप त्यात असतं. मध्ये काहीतरी लागणार आहेच, तर ते पहिल्या दिवसापासून आंधळा रिले म्हणून ठेवा, ज्याला फक्त एन्क्रिप्टेड पॅकेट दिसतात. मग त्यात काही साठवायचा मोहच होत नाही कारण साठवता येतच नाही. एकाच वेळी दोघं ऑनलाइन नसतील तर काय हा प्रश्न येईल, फाइल सिंकला येतोच, आणि तो कुठलंही प्रोटोकॉल सोडवत नाही. वापरणाऱ्याचंच एखादं कायम चालू असलेलं मशीन असेल तर ते तिसरा पीअर म्हणून घ्या. नसेल तर स्क्रीनवर स्पष्ट लिहा की समोरचं मशीन बंद आहे.

सुरुवात अशी करा. लिनक्सवर दोन नेटवर्क नेमस्पेस (एकाच मशीनवरची वेगवेगळी आभासी नेटवर्क) बनवा, दोन्हींना नॅट लावा, एका फेरीत साधं, दुसऱ्या फेरीत आयपीटेबल्सच्या मास्करेडला (लिनक्सचं नॅट) रँडम-फुली हा पर्याय लावून अवघड, तिसऱ्या फेरीत यूडीपी पूर्ण बंद. तिन्हींत मोठी फाइल पाठवा, अर्ध्यात एका बाजूचा पत्ता बदला, आणि बघा ट्रान्सफर तुटतो की सरकतो. हे बिल्डच्या टेस्टमध्येच टाका. आणि ॲपच्या स्क्रीनवर कनेक्शन डायरेक्ट आहे की रिलेवर, ४ वर की ६ वर, हे कुठेतरी छोट्या अक्षरात दाखवा. वापरणारा "स्लो आहे" एवढंच सांगतो, तेव्हा त्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये हे चार शब्द असले की सपोर्टवाल्याला अर्धं उत्तर तिथेच मिळतं.